पाटीची डावी बाजू

लातूर,
७ जुलै २००२

बाईंना शिवकन्याचा नमस्कार,

नुसत्या नावावरून ओळख पटणार न्हाई, म्हणून सांगते. भूकंपानंतर आमच्या गावात पत्र्याची शाळा भरायची आणि तुम्ही नांदेडहून पाच महिने शिकवायला आला होतात. मी तिसरीत होते. सगळी पोरं आत, मी दारात, चौकटीला टेकून. तुम्ही रोज म्हणायचात, "शिवकन्या, आत ये गं बाई, तुझी चप्पल कुणी नेत नाही." आता आठवलं असंल. तुमचा पत्ता बापूंनी, म्हणजे माझ्या वडलांनी, ट्रंकेतल्या जुन्या पोस्टकार्डावरून दिला.

मी आता लातूरला बारावी सायन्सला हाय. राघवेंद्र सरांचा क्लास आणि त्यांचंच हॉस्टेल. फोन एकच, तो वॉर्डनच्या टेबलावर. त्यांच्या तोंडासमोर काय बोलावं? पत्र बरं.

बाई, इथं दर रविवारी टेस्ट असते आणि सोमवारी सकाळी गेटवर यादी लागते. पानवाला वाचतो, रिक्षावाले वाचतात. अ, ब, क, ड अशा बॅच, आणि बॅचमधी नंबराप्रमाणं बाक. जास्त मार्कवाले पुढं फळ्यापाशी, कमीवाले मागं दारापाशी. ड बॅच तर गच्चीवर पत्र्याच्या शेडात. तिकडं जायचं म्हणलं की पोरी रडतात. मी जूनमधी अ बॅचमधी सातवी होते. चार टेस्टमधी मार्क कमी आले, आता तिथंच शेवटून दुसरी हाय.

पुस्तक उघडलं की डोक्यात एकच चालू होतं: तू संपलीस. सगळं गाव म्हणून राहिलंय शिवकन्या डॉक्टर होणार, आणि तू सगळ्यांचं तोंड काळं करणार. हे दिवसभर चालतं. जेवताना बी.

तुम्ही आमच्याकडून पाटीवर मधोमध रेघ मारून घ्यायचात. डाव्या बाजूला काय लिहायचं ते आठवतं. उजव्या बाजूचं विसरले. तेवढं कळवाल का?

तुमची विद्यार्थिनी,
शिवकन्या

*

नांदेड,
१५ जुलै २००२

प्रिय शिवकन्या,

अगं, चप्पलवाली! तुला विसरेन होय? पाच महिन्यांत तुला एकदासुद्धा आत बसवता आलं नाही, याची रुखरुख मला निवृत्त झाल्यावरही आहे.

आधी त्या यादीचं बोलते, नाहीतर मला पुढचं सुचणार नाही. गेटवर यादी? मोंढ्यात तुरीचा भाव लावतात तसा लेकरांचा भाव लावायचा आणि पानवाल्याने तो वाचायचा? काही लाज आहे की नाही या लोकांना! बत्तीस वर्षं शिकवलं मी, नापास पोराचा पेपरसुद्धा उलटा करून हातात दिला.

आता पाटी. पुण्याहून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी ती मला त्या पत्र्यातच शिकवली. डाव्या बाजूला मन जे बोलतं ते जसंच्या तसं लिहायचं, नटवायचं नाही. मग त्याला एकच विचारायचं: कशावरून? तुम्ही पोरं एकमेकांना विचारायचात, "कशावरून रं?" त्याचं जे खरं उत्तर येईल ते उजव्या बाजूला.

तू संपलीस. कशावरून? चार टेस्टमध्ये मार्क कमी आले. म्हणजे उजवीकडे काय येईल? "चार टेस्टमध्ये मार्क कमी आले." बस्स, एवढंच. चार टेस्ट म्हणजे तू नव्हेस. आणि तुझ्या एखाद्या मैत्रिणीला असे मार्क पडले असते, तर तिला तू "संपलीस" म्हणाली असतीस का? मग स्वतःला का म्हणतेस? मैत्रिणीला बोलशील तसं स्वतःशी बोल.

कधीकधी डावीकडचं खरंच निघतं. तेव्हा उगाच गोड लिहायचं नाही. मग उजवीकडे लिहायचं, आता काय करायचं.

आणि एक गंमत सांगू? तुझा राघवेंद्र सर माझा विद्यार्थी! आठवी ते दहावी माझ्या हाताखाली होता. पुढे विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअर झाला, तेव्हा पहिला पेढा मला दिला त्याने. मी आजच त्याला लिहिते. यादी काढ म्हणते, आणि ही पाटी तुझ्या सगळ्या पोरांना शिकवायला मला बोलाव म्हणते. माझा शब्द तो खाली पडू देणार नाही.

तुझी,
गोदावरीबाई

*

लातूर,
२५ ऑगस्ट २००२

बाई,

तुमचं भाषण लई भारी झालं. चारशे पोरं होती. आधी हसून राहिले होते सगळे, पण तुम्ही "मन बोललं म्हणून ते खरं झालं नाही" म्हणालात, तवा माझ्या शेजारची रत्नम्मा ढसाढसा रडली. ती देगलूरकडची हाय, दोन वर्षांत तिला रडताना कुणी बघितलं नव्हतं.

पण यादी काही निघाली न्हाई. उलट वही आली. गुळगुळीत कव्हर, वर "सकारात्मक विचार वही" आणि सरांचा हात बांधलेला फोटो. रोज एक पान भरायचं, दर शनिवारी जमा करायची. सोमवारी "तपासले" असा शिक्का मारून परत येते. पान कोरं ठेवलं तर वर्गात उभं करतात.

मग पोरी काय लिहितात ऐका. एकीनं लिहिलंय, "मला कारल्याची भाजी नको वाटते हा माझा नकारात्मक विचार हाय." रत्नम्मा तर रविवारीच आठवड्याची सात पानं लिहून टाकते आणि दुसऱ्यांची बी लिहून देते. तिचा हात त्यात बसलाय.

मी मात्र खोटं लिहिलं न्हाई. म्हणलं वह्या बाई तपासून राहिल्यात, बाईंशी काय खोटं बोलायचं?

एक गोष्ट तुम्हाला सांगते, रागावू नका. माझे मार्क आपोआप कमी झाले न्हाईत. मला येत असलेले दोन-तीन प्रश्न मी दर रविवारी सोडून देते. मार्क वाढले की बाक पुढं जातो. पुढं गेलं की दार लांब. वर तीन मजल्यांचा स्लॅब. मला फळा दिसतच न्हाई, स्लॅबच दिसतो. शेवटच्या बाकावर बसले की सगळं समजतं. गच्चीवरच्या पत्र्याला बाकीच्या भितात, मला तिथं जावं वाटतं. पण ड बॅचला चांगले सर देत न्हाईत.

असं का होतं ते मी वहीत लिहिलंय. पान सोळा. तुम्ही वाचलं असंल. वाचून काय वाटलं ते कळवा. मी वाट बघून राहिले.

शिवकन्या

*

नांदेड,
२ सप्टेंबर २००२

प्रिय शिवकन्या,

येतं ते सोडून देतेस? अगं, बाक दाराशी हवा तर तोंडाने माग! तोंड कशाला दिलंय? मी राघवेंद्रला सांगते, तुला कुठलेही मार्क पडले तरी दाराशी बसव. एवढ्याशा गोष्टीसाठी मार्कांचा बळी देतात का?

त्या कारल्यावाल्या पोरींचा मला भारी राग आला, आणि हसूही. वह्या तपासायचं राघवेंद्रला मीच सुचवलं होतं. तपासणारं कुणी असल्याशिवाय पोरं वही उघडत नाहीत, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. निदान सही असली की लिहितात तरी.

पण वह्या माझ्याकडे येत नाहीत गं, तिकडेच तपासतात. तू काळजी करू नकोस. मी राघवेंद्रला आजच चिठ्ठी टाकली आहे: शिवकन्याच्या वहीचं पान सोळा दुसऱ्या कुणाला देऊ नको, तू स्वतः नीट वाच आणि तिला समजून घे. पोरगा हुशार आहे, मनाने चांगला आहे. तो वाचेल म्हणजे मीच वाचल्यासारखं आहे.

तुझी,
गोदावरीबाई

*

२४ नोव्हेंबर २००२

गोदावरीबाईंना रामकिशनचा रामराम,

मी शिवकन्याचा बाप. सातवी शिकलो हाय, चुकलं तर समजून घ्या. पोरगी तुम्हाला लिव्हत न्हाई म्हणती, म्हणून मी लिव्हून राहिलो.

दिवाळी झाली आन् क्लासचा सांगावा आला, या म्हणून. मी एस्टीनं गेलो. मला वाटलं, पोरीचा नंबर आला असंल. हाफिसात सर, कारकून आन् दुसऱ्या पोरांचे दोन बाप बसल्याले. पोरगी कोपऱ्यात उभी. सरांनी तिची वही उघडली आन् मोठ्यानं वाचली. समद्यांसमोर. तुम्हाला त्यात काय लिव्हलंय ठाव हाय का न्हाई मला म्हाईत न्हाई, म्हणून लिव्हतो. ध्यानात बसलंय माझ्या, जागचं हालत न्हाई.

"मी दाराशी झोपायचा हट्ट केला म्हणून बालाजी आत झोपला आणि गेला. माझ्या जागी तो राहिला असता तर बरं झालं असतं. दाराची जागा मी त्याच्याकडून हिसकली, आता मला दार सुटत न्हाई."

बालाजी माझा थोरला. नऊ वर्षांचा होता. नऊ वर्षं झाली त्याला बी. पोरगी आठाची होती तवा. ती असं धरून बसली हाय हे मला ठाव नव्हतं, तिच्या मायला ठाव नव्हतं. आन् ते मी ऐकलं कुठं, तर परक्याच्या हाफिसात, पंख्याखाली. त्यो कारकून पेन चावून राहिला होता.

सर म्हणले, पोरगी मनानं कमजोर हाय. परीक्षेच्या टायमाला काही करून बसली तर क्लासचं नाव जाईल. रिझल्टवर डाग नको, घेऊन जा. मी हातापाया पडलो न्हाई. वळकटी उचलली आन् पोरीला घेऊन आलो.

बाई, मी तुम्हाला चांगलं मानत होतो. पत्र्यात तुम्ही लेकरांची नाकं पुसली. पण हे काय केलं तुम्ही? मनातलं लिव्ह म्हणून पोरीला शिकविलं आन् लिव्हल्यावर ते बाजारात मांडलं? "पान सोळा वाचा" म्हणून तुमचीच चिठ्ठी होती म्हणं, सरांनी दाखविली. आता बास झालं शिक्षण. परीक्षा न्हाई, काई न्हाई. ती घरी ऱ्हाईल. निदान घरात कुणी तिची वही वाचणार न्हाई.

रामकिशन

*

नांदेड,
२८ नोव्हेंबर २००२

राघवेंद्र,

हात सवयीने "चिरंजीव" लिहायला गेला होता. खोडलं.

आठवीत तुला गणितात सात मार्क पडले होते. शंभरात सात. मी तुझा पेपर उलटा करून तुझ्या हातात ठेवला आणि वर्गात एक अक्षर बोलले नाही. तुझ्या वडिलांनासुद्धा मी कळवलं नव्हतं, कारण ते पट्ट्याने मारायचे हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी मी तुझे सात मार्क मोठ्याने वाचले असते, तर आज तू कुठे असतास? तुला तुझ्या लहानपणी एवढं झाकून मिळालं, आणि तू एका लेकराच्या मेलेल्या भावाचं दुःख कारकुनासमोर वाचून दाखवतोस?

मनाने कमजोर म्हणे! आठव्या वर्षी ढिगाऱ्यातून निघालेली, नऊ वर्षं हे ओझं एकटीने वाहून तुझ्या अ बॅचमध्ये बसलेली पोरगी कमजोर? येत असलेले प्रश्न सोडूनही ती तुझ्या अ बॅचमध्ये होती, हे तुझ्या डोक्यात शिरलं का? मी तुला लिहिलं होतं, तिला दाराशी बसव. एक बाक. एवढंच मागितलं होतं. तू तिला दाराबाहेर काढलंस.

आता नीट वाच. सगळ्या पोरांच्या वह्या पोरांना परत कर, झेरॉक्स काढल्या असतील तर जाळ. गेटवरची यादी उतरव. आणि रामकिशनच्या घरी जाऊन माफी माग, त्या पोरीसमोर. पत्र पाठवू नकोस, स्वतः जा.

गोदावरीबाई

*

लातूर,
३ डिसेंबर २००२

आदरणीय बाई,

सादर प्रणाम. आपले पत्र मिळाले. आपल्या भावना समजू शकतो.

मात्र संस्थाचालक म्हणून मला चारशे विद्यार्थ्यांचा विचार करावा लागतो. एका विद्यार्थिनीच्या नकारात्मकतेचा परिणाम इतरांवर होणे योग्य नाही. पालकांनाही वस्तुस्थिती कळणे आवश्यक होते. वह्या संस्थेच्या मालकीच्या असल्याने परत करता येणार नाहीत.

खरे तर आपले आभार मानायला हवेत. आपण सुचवलेल्या उपक्रमामुळे अशी मुले वेळेत ओळखता आली. पुढील वर्षापासून प्रवेशाच्या वेळीच ही वही भरून घेण्याचा विचार आहे. वहीच्या मागच्या पानावर आपला फोटो छापण्याची परवानगी असावी, ही विनंती.

आपला,
राघवेंद्र

*

नांदेड,
७ डिसेंबर २००२

रामकिशनराव,

तुमचं पत्र मी चारदा वाचलं. त्यातलं एकही वाक्य मला खोडता येत नाही.

चिठ्ठी माझीच होती. वह्या तपासायचं सुचवणारीही मीच. आयुष्यभर लाल पेनाने वह्या तपासल्या, तशीच ही पण एक वही आहे असं वाटलं मला. पत्र्यात पाट्या होत्या. लेकरं लिहायची, वाचायची, ओल्या फडक्याने पुसायची आणि घरी जायची. मी एकही पाटी कधी जमा केली नाही, म्हणून ती लेकरं खरं लिहायची. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यातून निघून गेली. माफ करा असं लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते. माफ करा.

त्या माणसाला मी विद्यार्थी म्हणत होते. त्याने काय उत्तर पाठवलं ते तुम्हाला सांगत नाही, तुमचा संताप आणखी वाढेल. माझा तर इतका वाढला की शेजारीण चहा घेऊन आली आणि तशीच परत गेली.

पण एक मागणं आहे. माझ्यावरचा राग पोरीच्या परीक्षेवर काढू नका. बारावीचा फॉर्म कॉलेजातून भरलेला आहे, क्लासचा आणि त्याचा काही संबंध नाही. तुम्ही तिला घरी ठेवलंत तर राघवेंद्र म्हणाला तेच खरं झालं, असं ती धरून बसेल.

आणि अजून एक. तिने डाव्या बाजूला लिहिलं, पण उजवी बाजू कोरीच राहिली. ती मला भरता येणार नाही, डॉक्टरांना येणार नाही. त्या घरात तेव्हा कोण कुठे झोपलं होतं, हे तुम्हालाच माहीत आहे. तिला समोर बसवा आणि विचारा, कशावरून? मग ती काय सांगते ते ऐका. तुम्हाला जे ठाऊक असेल ते तिला सांगा. वाईट असलं तरी सांगा.

सोबत एक पाटी पाठवते आहे. तिला म्हणावं, लिहून पुसून टाक. मला दाखवू नकोस.

गोदावरीबाई

*

लातूर,
२३ फेब्रुवारी २००३

बाई,

उद्या पहिला पेपर. हो, मी परीक्षेला बसून राहिले. बापू आणि मी कालच लातूरला आलो, मायच्या मावसबहिणीकडं उतरलो.

आधी तुमची चोरी सांगते. जानेवारीच्या कार्डात तुम्ही लिहिलं होतं, "कामानिमित्त लातूरला जाऊन आले." कसलं काम हो बाई? रत्नम्मानं सगळं कळवलं मला. सोमवारी यादी लावायला शिपाई आला, तर तुम्ही गेटसमोर घडीची खुर्ची टाकून बसलेल्या. येणाऱ्या प्रत्येक आईबापाला विचारून राहिलात, "तुमच्या लेकराची वही कुणी वाचली, माहीत आहे का?" सर खाली आले, आत चला म्हणले, चहा घ्या म्हणले. तुम्ही म्हणालात, "सात मार्क. सांगू सगळ्यांना?" आणि सांगितलं मात्र न्हाईत. दोन दिवस बसलात. दुसऱ्या दिवशी रत्नम्मा वर्गातून उठून तुमच्या शेजारी जमिनीवर बसली. मग अ बॅचचा पहिला नंबर येऊन बसला, मग पन्नास-साठ पोरं. तिसऱ्या दिवशी सरांनी वह्या वाटल्या. माझी रत्नम्मानं पोस्टानं पाठवली. पान सोळाला कुणीतरी पिवळी खूण केलेली हाय. ती बघून माझं डोकं असं तापलं की काय सांगू. माझ्या भावाच्या नावाखाली पिवळी रेघ मारायची कुणी काय म्हणून?

यादी काही निघाली न्हाई म्हणं. गेटवरनं काढून आत काचेत लावली, एवढंच. माफी मागायला बी कुणी आलं न्हाई. आमच्या घरी त्याची कुणी वाट बी बघत न्हाई.

आता खरं सांगायचं ते. तुमचं पत्र आलं तवा बापू ते आठ दिवस खिशात घेऊन फिरले. आमच्या नव्या घराच्या मागं भूकंपातलं पत्र्याचं शेड अजून हाय, त्यात कडबा ठेवतो. मी तिथं अभ्यास करायचे. एक दिवस दुपारी बापू आले, कडब्यावर बसले आणि म्हणले, "कशावरून?"

मी म्हणलं, मी हट्ट केला होता, मला आठवतं, बालाजीचा शर्ट ओढला होता मी.

बापू म्हणले, "वढला होतास. पर त्यानं जागा दिली न्हाई. त्योच दाराशी झोपला आन् तू रडत आत. मग तू घामानं भिजलीस, अंग तापलं होतं तुझं. मी उठलो, तुला उचलून दाराशी टाकलं, वारं लागावं म्हणून. आन् बालाजीला आत सरकवलं. त्यो जागा बी झाला न्हाई. मी सरकवलं, शिवकन्या. तू न्हाई. ह्या हातानं."

मायला बी त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. बाई, नऊ वर्षं आम्ही दोघं एकाच घरात एकच दोष आपापला म्हणून धरून बसलो होतो. मी दारात बसायचे आणि बापू मला दारात बसलेलं बघून तोंड फिरवायचे. मला वाटायचं, मी राहिले म्हणून तोंड फिरवतात.

मी लई रडले. मग मी पाटी काढली, मधोमध रेघ मारली आणि बापूंच्या हातात पेन्सिल दिली. त्यांनी डावीकडं लिहिलं, "पोरगं माझ्यामुळं गेलं." मी विचारलं, कशावरून? लेकरू घामानं भिजलं तर कोणता बाप उचलून वाऱ्यावर टाकणार न्हाई? जमीन हलणार हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? साऱ्या तालुक्यात कुणाला ठाव होतं का? त्यांनी पेन्सिल माझ्या हातात परत दिली. उजवीकडं मीच लिहिलं, "लेकराला ताप होता. बापानं उचललं." बापूंनी ते दोनदा वाचलं. पाटी पुसली मात्र न्हाई, तशीच खुंटीला लावून ठेवलीय. तुम्ही पुसायला सांगितलं होतं, पण मी ती राहू दिली.

तुम्ही दर कार्डात माझी माफी मागून राहिलात. ती आता बंद करा. चूक तुमची होती, तिला मी उजवी बाजू लिहिणार न्हाई. पण तुम्ही ती उचलून गेटपर्यंत नेलीत, दुसऱ्या कुणी नेली न्हाई.

आज नंबर बघून आले. पहिला मजला, फळ्यापासून पहिला बाक, भिंतीकडचा. दार पार दुसऱ्या टोकाला. बापू म्हणले, "सायबांना सांगून दाराशी घ्यायचं का?" मी म्हणलं, नको. मी वर बघणार न्हाई असं न्हाई. दोन-चारदा बघीन. आणि येतील तेवढे सगळे प्रश्न लिहीन.

तुमची,
शिवकन्या